विश्लेषण : प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट काढताना नेमके काय बिघडते? ती सुरक्षितपणे कशी काढावी?

उन्हाळा वाढला की घरोघरीचे जुने डेस्कटॉप तक्रार करू लागतात. पंखा मिक्सरसारखा घरघरतो, गेम अडखळतो, व्हिडीओ एडिटिंग सुरू असताना यंत्र आपोआप बंद पडते. मग कुणीतरी सांगते, ‘थर्मल पेस्ट बदल, किरकोळ काम आहे.’ सल्ला चुकीचा नसतो. पण काहीशे रुपयांची ट्यूब बदलण्याच्या नादात काही हजारांचा प्रोसेसर निकामी होऊ शकतो. विशेष म्हणजे सर्वात मोठा धोका पेस्ट पुसण्यात नसतो. तो त्याच्या आधीच्या मिनिटाभरात, कूलर ओढून काढताना असतो. म्हणून जुनी पेस्ट काढण्याचे काम समजून घ्यायचे तर सुरुवात कूलरपासूनच करावी लागते.

थर्मल पेस्ट काय काम करते?

प्रोसेसरवरचे धातूचे झाकण आणि कूलरचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोन्हींवर खाचखळगे असतात. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर दाबले, तरी या खळग्यांत हवा अडकून राहते आणि हवा ही उष्णतेची अत्यंत वाईट वाहक आहे. उष्णता वाहून नेण्याच्या क्षमतेच्या मापात तांब्याचा आकडा सुमारे 400 आहे, तर हवेचा जेमतेम 0.026. बाजारातील बहुतेक पेस्टचा आकडा यांच्या मध्ये कुठेतरी, साधारण 4 ते 12 असतो.

म्हणजे पेस्ट हवेपेक्षा शेकडो पटींनी चांगली, पण तांब्याच्या जवळपासही नाही. तिचे काम फक्त खळगे भरण्याचे आहे. जिथे धातूला धातू टेकतो तिथे तिची गरजच नाही. जास्त पेस्ट म्हणजे जास्त थंडावा हा समज म्हणूनच चुकीचा आहे. जुन्या थरावर नवा थर देणे का चालत नाही, याचेही उत्तर इथेच आहे. वाळलेल्या पेस्टचे कण मध्ये राहिले की थर जाड होतो, कूलर नीट टेकत नाही आणि पुन्हा हवा अडकते.

पेस्ट ही मूलतः तेल आणि पूड यांचे मिश्रण असते. तेल बहुधा सिलिकॉनचे, पूड झिंक ऑक्साइड, अॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा तत्सम पदार्थांची. प्रोसेसर तापतो तसा प्रसरण पावतो, थंड होताना आकुंचन पावतो. या रोजच्या हालचालीत पेस्ट हळूहळू कडांकडे ढकलली जाते, तेल सुटते आणि मध्ये कोरडी, खडूसारखी पूड राहते. पेस्ट ‘संपली’ असे दुरुस्तीवाले म्हणतात ते यालाच.

ती खरोखर बदलायला हवी का?

अनेकदा नाही. संगणक तापण्याच्या तक्रारींत पहिला संशय धुळीवर घ्यावा. कूलरच्या पात्यांमध्ये धूळ, केस आणि कापसाच्या तंतूंची गादी साचली असेल तर जगातील सर्वात महाग पेस्टही उपयोगाची नाही. आधी मऊ ब्रशने किंवा हवेच्या झोताने कूलर साफ करावा. झोत मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. मग पंखा नीट फिरतो का ते पाहावे आणि एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरवर तापमान तपासावे.

इंटेलच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा 100 अंश सेल्सिअस असते. तिथे पोहोचल्यावर प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. एएमडीच्या रायझन 7000 मालिकेत ही मर्यादा 95 अंश आहे आणि पूर्ण भार असताना तिथपर्यंत जाणे या मालिकेच्या रचनेतच धरलेले आहे. त्यामुळे एकच आकडा पाहून स्क्रूड्रायव्हर उचलण्याची गरज नाही. तेच काम, तोच पंखा, धूळ साफ, आणि तरीही तापमान पूर्वीपेक्षा बरेच जास्त असेल तर पेस्ट वाळली असावी. तीन-चार वर्षे किंवा त्याहून जुन्या यंत्रात ही शक्यता चांगलीच वाढते. दुसरा प्रसंग म्हणजे कूलर काही कारणाने एकदा उचलला गेला की. अशा वेळी जुनी पेस्ट कितीही ओली दिसली तरी ती पुसून नवी लावावीच लागते, कारण उचललेल्या थरात हवा शिरलेली असते.

कूलरसोबत प्रोसेसर का उपटून येतो?

हा अपघात सर्वाधिक घडतो तो एएमडीच्या एएम 4 सॉकेटवर. 2016 मध्ये आलेले हे सॉकेट पुढे रायझनच्या अनेक पिढ्यांनी वापरले आणि आजही असंख्य घरांत, कॉलेजांत, सायबर कॅफेंत ते चालू आहे. यातील प्रोसेसरच्या पोटाला 1331 बारीक पिना असतात. त्या सॉकेटच्या छिद्रांत बसतात आणि बाजूची एक छोटी दांडी खाली केली की आतून पकडल्या जातात. पण प्रोसेसरला वरून दाबून धरणारी कोणतीही चौकट नसते. वरून असतो तो फक्त कूलरचा दाब.

कूलरचा स्क्रू किंवा क्लिप सुटली की तो दाब गेला. उरली ती वाळलेली पेस्ट. ती आता डिंकासारखी चिकटलेली असते आणि दोन सपाट पृष्ठभागांमध्ये हवा शिरायला जागा नसल्याने ओल्या पेल्याने बशी उचलून यावी तसा प्रकार होतो. अशा वेळी कूलर सरळ वर ओढला तर पिनांची पकड हरते आणि पेस्टची जिंकते. ‘टक्’ असा आवाज येतो आणि प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर. दांडी वर करून पकड सैल करावी म्हटले तर अनेकदा ती दांडी कूलरखालीच झाकलेली असते.

सरळ वर निघाला तर पिना बहुधा वाचतात. पण ओढताना कूलर तिरका झाला, किंवा दचकून हातातून सुटला, तर पिनांची एखादी रांग वाकते. पिन वाकणे किंवा तुटणे हे हाताळणीतले नुकसान असल्याने ते सहसा वॉरंटीत बसत नाही.

इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये 2004 पासून पिना सॉकेटमध्ये असतात आणि प्रोसेसरवर धातूची चौकट घट्ट बसते, त्यामुळे तो असा उपटून येत नाही. एएमडीनेही 2022 मध्ये एएम 5 सॉकेट आणताना हीच पद्धत स्वीकारली. तिथे धोका वेगळा आहे, तो पुढे येईल.

हा अपघात टाळायचा कसा?

उपाय अगदी घरगुती आहे : पेस्ट कोमट असताना काम करावे. संगणक सुरू करून दहा-पंधरा मिनिटे एखादे जड काम, गेम किंवा मोठा व्हिडीओ, चालू ठेवावे. पेस्ट मऊ पडते. मग संगणक रीतसर बंद करावा, मागचा स्विच बंद करून वायर भिंतीतून काढावी आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. पाच मिनिटे थांबले तरी चालते, पण चहापाण्याला जाऊन तासाभराने परत आल्यास तापवण्याचा उपयोग राहत नाही.

कॅबिनेट आडवे ठेवावे, कूलर वरच्या बाजूला यावा असे. उभ्या कॅबिनेटमध्ये सुटलेला जड कूलर ग्राफिक्स कार्डावर आदळण्याची भीती असते. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. मग पंख्याची वायर मदरबोर्डवरून काढावी. हा टप्पा विसरून वायर ओढली जाणे फार सामान्य आहे.

स्क्रू असतील तर समोरासमोरचे, थोडे थोडे करत सैल करावेत. इंटेलच्या साध्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. त्यांच्या डोक्यावरील बाणाच्या दिशेने त्या पाव वळण फिरवून वर ओढायच्या असतात.

यानंतरची हालचाल सर्वात महत्त्वाची. कूलर वर ओढायचा नाही, फिरवायचा. बरणीचे झाकण सैल करताना मनगट जसे हलते तसे, डावीकडे-उजवीकडे अगदी थोडे. काही क्षणांत पकड सुटल्याचे हाताला कळते आणि कूलर सरकू लागतो. मगच तो उचलावा. फिरतच नसेल तर जोर लावू नये. पुन्हा जोडून, पुन्हा तापवून प्रयत्न करावा किंवा केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा कूलरच्या धातूवर मिनिट-दोन मिनिटे द्यावी.

एवढे करूनही प्रोसेसर कूलरला चिकटून आलाच तर तो स्क्रूड्रायव्हरने उचकटण्याची चूक करू नये. दातांच्या फटी साफ करण्याचा दोरा, म्हणजे डेंटल फ्लॉस, दोघांच्या मध्ये कडेने सरकवून करवतीसारखा फिरवला की पेस्ट कापली जाते. प्रोसेसर कडांनीच धरावा. नंतर तो डोळ्यांसमोर आडवा धरून उजेडात पिनांच्या रांगा पाहाव्यात. सगळ्या सरळ दिसल्या तर दांडी वर करून, कोपऱ्यातील सोनेरी त्रिकोण जुळवून तो अलगद ठेवावा. तो स्वतःच्या वजनाने आत बसायला हवा. बोटाने दाबावा लागत असेल तर कुठेतरी पिन वाकली आहे. किंचित वाकलेली पिन शिसे काढलेल्या पेन पेन्सिलच्या टोकाने सरळ करतात, पण ती एकदाच वाकते, दुसऱ्यांदा तुटते. सवय नसलेल्याने हे काम दुरुस्तीवाल्याकडे द्यावे.

पुसायला काय वापरावे?

आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला दुकानांत ‘आयपीए’ म्हणतात. मोबाइल दुरुस्तीच्या सुट्या सामानाच्या दुकानांत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारांत ते सहज मिळते. 90 टक्के किंवा त्याहून शुद्ध असावे, 99 टक्के मिळाले तर उत्तम. ते पेस्टमधील तेल सोडवते आणि काही मिनिटांत मागे काहीही न ठेवता उडून जाते. 70 टक्केवाले नाइलाजाने चालते, पण त्यात बाकीचे बहुतांश पाणी असते, त्यामुळे वाळायला बराच जास्त वेळ द्यावा लागतो.

करोनाकाळापासून घरात पडून असलेले सॅनिटायझर मात्र वापरू नये. त्यातही अल्कोहोलच आहे ना, असे वाटू शकते. पण हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन घातलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रातही ते 1.45 टक्के आहे. बाजारी जेलमध्ये सुगंध, रंग आणि घट्टपणा आणणारे पदार्थही असतात. हे सगळे प्रोसेसरवर चिकट थर बनून राहते. औषधाच्या दुकानातील काही सर्जिकल स्पिरिटमध्ये एरंडेल तेल मिसळलेले असू शकते. बाटलीवरचे घटक वाचूनच ते घ्यावे.

नेलपॉलिश रिमूव्हरमधील अॅसिटोन प्लॅस्टिक खाते. पेट्रोल, रॉकेल, थिनर यांचा विचारही करू नये. गंज सोडवण्याचे तेलकट स्प्रे थर मागे ठेवतात.

फडके कोणते, हा प्रश्नही वाटतो तेवढा किरकोळ नाही. परदेशी व्हिडीओंत कॉफी गाळायचा कागद वापरताना दिसतात, कारण त्याचे तंतू सुटत नाहीत. आपल्याकडे तो घरात असण्याची शक्यता कमी. चष्म्यासोबत मिळणारा स्वच्छ मायक्रोफायबर कपडा तेवढाच चांगला. टिश्यू पेपरने पहिला जाड थर काढता येतो, पण शेवटचा हात त्याचा नसावा. त्याचे बारीक तंतू मागे राहतात.

एक धोका मात्र संगणकाचा नाही, घराचा आहे. हे अल्कोहोल साधारण 12 अंशांपासूनच पेट घेण्याजोगी वाफ सोडते. म्हणजे महाराष्ट्रात जवळपास कोणत्याही दिवशी. त्यामुळे खिडकी उघडी ठेवावी, आणि देवघरातील समई, उदबत्ती किंवा गॅसची शेगडी असलेल्या खोलीत ते वापरू नये. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये.

प्रत्यक्ष पुसण्याची पद्धत काय?

प्रोसेसर सॉकेटमध्येच ठेवून पुसावा. तो काढण्याची गरज नसते, उलट इंटेल किंवा एएम 5 मध्ये तो काढला की सॉकेटमधील केसाएवढ्या नाजूक पिना उघड्या पडतात. त्यांच्यावर कापडाचा एक धागा अडकला तरी त्या वाकू शकतात.

आधी कोरड्या टिश्यूने ओली पेस्ट उचलून घ्यावी. मग कपड्याच्या कोपऱ्यावर अल्कोहोलचे काही थेंब घ्यावेत. थेंब कपड्यावर, प्रोसेसरवर ओतायचे नाहीत. कडेकडून मध्याकडे पुसावे, म्हणजे घाण सॉकेटमध्ये ढकलली जात नाही. दर वेळी कपड्याचा नवा, स्वच्छ भाग घ्यावा. तोच काळा झालेला कोपरा पुन्हा फिरवला तर पेस्ट निघत नाही, नुसती पसरते.

कडक झालेली पेस्ट खरवडू नये. अल्कोहोलने ओला केलेला कपडा तिच्यावर दोन-तीन मिनिटे ठेवला की ती फुगून सुटते. तरी न सुटल्यास जुने प्लॅस्टिक कार्ड आडवे धरून हलकेच सरकवावे. ब्लेडमुळे झाकणावर ओरखडा उठला तर फार बिघडत नाही. पण ब्लेड निसटून मदरबोर्डवर गेले तर तिथल्या सूक्ष्म तांब्याच्या रेषा कापल्या जातात, आणि ते बिघडते.

एएम 5 प्रोसेसरच्या झाकणाला कडेने खाचा आहेत आणि त्या खाचांत छोटे कपॅसिटर उघडे दिसतात. जुनी पेस्ट हमखास तिथे साचते. ती वीजवाहक नसलेल्या प्रकारची असेल, आणि बहुतेक पेस्ट तशाच असतात, तर थोडी उरली तरी शॉर्टसर्किट होत नाही. कान साफ करायची कापसाची काडी अल्कोहोलमध्ये किंचित ओली करून ती हलक्या हाताने काढावी. चकाचक करण्याच्या हट्टापायी कपॅसिटर उखडण्यापेक्षा थोडी पेस्ट राहिलेली परवडते.

कूलरचा तळही तेवढ्याच काळजीने पुसावा, ते बऱ्याचदा राहून जाते. शेवटी दोन्हींवरून स्वच्छ, किंचित ओला कपडा फिरवावा. कपड्यावर करडा डाग येईनासा झाला की काम झाले. त्यानंतर पृष्ठभागाला बोट लावू नये, बोटाचे तेल लागते. पाच-दहा मिनिटे वाळू द्यावे. झिंक ऑक्साइड जलचरांना घातक असल्याने पुसलेले कागद मोरीत न टाकता सुक्या कचऱ्यात द्यावेत, हात साबणाने धुवावेत.

लॅपटॉपमध्ये काय वेगळे?

बरेच काही. लॅपटॉपमधील प्रोसेसरवर धातूचे झाकण नसते. चकचकीत काळसर दिसते ती थेट सिलिकॉनची चकती. ती काचेसारखी कडक आणि कडांना ठिसूळ असते. कोपऱ्यावर दाब पडला की टवका उडतो आणि मग दुरुस्ती नसते. आसपास उघडे सूक्ष्म भागही असतात. ग्राफिक्स चिपच्या शेजारच्या मेमरीवर रबरासारख्या पट्ट्या असतात. त्या पेस्ट नव्हेत. त्या अल्कोहोलने पुसू नयेत, आणि फाटल्यास त्याच जाडीच्या आणाव्या लागतात.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे काही गेमिंग लॅपटॉपमध्ये पेस्टऐवजी ‘लिक्विड मेटल’ असते. गॅलियमचे हे मिश्रण पाऱ्यासारखे चमकते आणि वाहते. सोनीच्या प्लेस्टेशन 5 मध्येही तेच आहे. ते वीजवाहक असते, त्यामुळे त्याचा एक थेंब भलत्या ठिकाणी गेला तर बोर्ड जळू शकतो. अॅल्युमिनियममध्ये तर ते झिरपून धातूच ठिसूळ करते. कूलर उचलल्यावर करडी लाही न दिसता आरशासारखा थर दिसला, तर तिथेच थांबून यंत्र सर्व्हिस सेंटरकडे न्यावे. वॉरंटी शिल्लक असलेल्या लॅपटॉपचेही तेच. उघडण्याआधी अटी वाचाव्यात.

पुन्हा जोडल्यावर काय पाहावे?

डेस्कटॉपच्या झाकणावर मध्यभागी वाटाण्याएवढी नवी पेस्ट पुरते. ती कूलरच्या दाबाने आपोआप पसरते. स्क्रू पुन्हा समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळावेत. इंटेलच्या खुंट्या आधी मूळ जागी फिरवून मगच दाबाव्यात, नाहीतर त्या बसल्यासारख्या वाटतात पण पकडत नाहीत.

संगणक सुरू केल्यावर ‘सीपीयू फॅन एरर’ असा संदेश आला तर पंख्याची वायर जोडायची राहिली आहे. काही काम सुरू नसतानाच तापमान झरझर 90 च्या पुढे जाऊ लागले तर लगेच बंद करावे. अशा वेळी कूलर एका बाजूने उचललेला असतो किंवा, कूलर नवा आणला असेल तर, त्याच्या तळावरचा पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा काढायचा राहिलेला असतो. तसे असेल तर तो काढून दोन्ही पृष्ठभाग पुन्हा पुसावे लागतात आणि पेस्टही नव्याने लावावी लागते. ट्यूबमध्ये आणखी एका वेळेपुरती पेस्ट उरेल अशा बेताने ती विकत घ्यावी.